कमी दाबाने

डॉक्टर बोकीलबाईंनी स्टेथोस्कोप माझ्या कानात घातला.
म्हणाल्या, ऐक.
आबांच्या छातीत खरखर नव्हती, घरघर नव्हती.
अर्धवट उघडलेल्या चावीतून पाणी पुढे घुसताना
जो आवाज करतं, तो होता.
त्या आवाजावर मी लहानाची मोठी झाले.

निवृत्ती पायगुडे, चावीवाले, पाणीपुरवठा, एकतीस वर्षं.
पहाटे साडेतीनला सायकल,
दांड्याला बांधलेली लोखंडी चावी, कमरेएवढी.
आधी दत्तवाडी, मग दांडेकर पूल, मग जनता वसाहतीचा चढ.
कुठे किती फेरे द्यायचे, हे कुठल्याच नकाशात नव्हतं.
"वरच्या लाइनीला सव्वीस, खालच्या लाइनीला अकरा.
खाली दोन जास्त दिले
की वरच्या बाया हंडे घेऊन आपल्या दारात."

मी पाषाणला बसून रक्तवाहिन्या लिहिते.
लिहिते म्हणजे, समीकरणं.
महारोहिणी ही फुगणारी टाकी,
बारीक वाहिन्या हा रोध,
झडप म्हणजे एकाच दिशेने जाऊ देणारा डायोड.
एवढ्यावर पडद्यावर एक माणूस उभा राहतो,
त्याचा दाब चढतो, उतरतो.
त्याला नाव नसतं.
वजन असतं, सत्तर किलो.

दिवाळीनंतर एका रात्री मी त्याचं वजन त्रेपन्न केलं.
वय एकाहत्तर.
झडपेचं तोंड पाऊण चौरस सेंटिमीटर, तेही ओढूनताणून.
रेघ जुळेना.
इस्पितळाचा आलेख टोकदार, माझा गुबगुबीत,
माझ्या मॉडेलमधले आबा अजून तरुण होते.

आबा मागे उभे होते, चहा घेऊन.
"ही पाइप कधी टाकलेली धरलीस?"
कधी म्हणजे?
"नवी पाइप थोडा दाब पोटात ठेवते.
जुनी काही ठेवत नाही, आला तसा पुढे ढकलते.
तुझी सगळी लाइन नवी दिसते."

मी लवचिकता निम्मी केली.
रेघ उतरली, टोकदार झाली, इस्पितळाच्या आलेखावर जाऊन बसली.
मला आनंद झाला
आणि लगेच कळलं, कशाचा.

तरी एका ठिकाणी उंचवटा उरलाच,
प्रत्येक ठोक्यानंतर, बोराच्या बीएवढा.
तीन रात्री मी त्याच्या मागे.
आकडे बदलले, एक वाहिनी वाढवली, पुन्हा काढली.
आबा म्हणाले, "राहू दे गं.
प्रत्येक लाइनीवर एखादं कनेक्शन असतंच,
नोंद नसलेलं.
तोडायला गेलं की आत कुणीतरी पोरं घेऊन राहत असतं."

शस्त्रक्रियेची तारीख मिळाली ती गुरुवारची.
आबा खूश. "बरोबर आहे.
मोठी दुरुस्ती गुरुवारीच काढतात."
त्या दिवशी शहरात पाणी बंद,
आत आबांचं हृदय बंद, एक तास नऊ मिनिटं,
सगळा पुरवठा एका यंत्राच्या पंपावर वळवलेला.
बाहेर बाकावर कुणाचा तरी पेपर पडला होता,
त्यात नेहमीचीच ओळ:
शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणी येईल,
नागरिकांनी सहकार्य करावे.
मी ती किती वेळा वाचली माहीत नाही.
माझ्या पिशवीत लॅपटॉप होता.
तो मी उघडला नाही.

शुक्रवारी सकाळी, उशिरा,
नव्वद, मग चौऱ्याण्णव, मग एकशे दोन.
मॉनिटरवरची हिरवी रेघ मला ओळखीची वाटली नाही.
झडप नवी, चढ बदललेला.
पण प्रत्येक ठोक्यानंतर तो उंचवटा,
तिथेच,
बोराच्या बीएवढा.

दुपारी घशातली नळी काढली.
आबांनी डोळे उघडले, छताकडे पाहिलं,
आणि फाटक्या आवाजात विचारलं,
"पाणी आलं का?"

सिस्टरला वाटलं, तहान लागली.
इतक्यात नाही हं आजोबा, म्हणाली,
आणि ओला कापूस
त्यांच्या ओठांवरून हळूच फिरवला.